लाडली बहना घेणाऱ्या बायकांना नोकरीला लावतोय, पण पंधरा दिवसांत सोडून देतात. चुकतंय कुठे?

सुदामानगरचे_आजोबा

नमस्कार मंडळी. वीज मंडळातून रिटायर होऊन मला तीन वर्षं झाली, इंदूरलाच असतो. आम्ही चार रिटायर लोक (दोन शिक्षिका, एक पोस्टातले आणि मी) मंगळवार-शुक्रवार सकाळी जवळच्या बस्तीतल्या बायकांना नोकरी धरायला मदत करतो. संस्था वगैरे काही नाही, एका देवळाचा हॉल फुकट मिळालाय. बहुतेकींचं घर नवऱ्याची मजुरी, लाडली बहनाचे (मध्य प्रदेश सरकारची बायकांना दरमहा पैसे देणारी योजना) पंधराशे आणि राशन यावर चालतं. अर्ज लिहून देणं, आधारवरचं नाव दुरुस्त करायला पाठवणं, सांवेर रोडच्या पॅकिंग युनिटात फोन लावणं हे सगळं करतो, मुलाखतीची तालीम पण घेतो आणि खरं सांगू का, मला त्यात मजा येते.

गाडी अडते त्यापुढे. सहा महिन्यांत ११ जणी लागल्या, टिकल्या ४. शेवटची तर चांगली हुशार, बारा हजारांवर लागली, महिना पूर्ण केला आणि दुसऱ्या महिन्यात एक दिवस गेलीच नाही. नवरा म्हणतो नोकरीमुळे लाडली बहना कटली, आणि त्या महिन्यात पैसे खरंच आले नाहीत! मी सुपरवायझरला फोन केला तर तो म्हणाला बाई न सांगता गायब. मग मी तिला जरा जास्तच बोललो. आता मला बघून ती गल्ली बदलते.

मी रजिस्टर ठेवतो, कोण कुठे लागली, किती दिवस गेली, पुढे सही. बायको म्हणते तुम्ही अजून सबस्टेशनच चालवताय. कुणाला अनुभव असेल तर सांगा, बंद करायचं मनात नाहीये.

खातेवही

काका, मी ३४ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बरीचशी काउंटरवर. तुमच्या त्या बाईंचे पैसे कटलेले नसणार असं माझं मन सांगतंय. कंपनीने पगारासाठी नवीन खातं उघडायला लावलं असेल ना? खातं उघडताना फॉर्मवर आधार लिंक करायची एक टिक असते, कुणी वाचत नाही, सगळे सही करतात. योजनेचे पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधारला जी बँक सगळ्यात शेवटी जोडली असेल तिथे जाऊन पडतात. म्हणजे पंधराशे बहुतेक नवीन खात्यात पडून असतील आणि ही बाई जुन्या पासबुकात एंट्री मारून रडत असेल. माझ्यासमोर अशा कितीतरी आल्यात, एक तर सरपंचाला शिव्या देऊन आली होती बिचारी. तिला घेऊन माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस बघा, ओटीपी येतो म्हणून तिचा मोबाइल सोबत हवा. कुठली बँक जोडलीय ते तिथे दिसतं.

आता नवऱ्याची भीती. ती अगदीच खोटी नाही हो. लाडली बहनात अट आहे कुटुंबाच्या उत्पन्नाची, वर्षाला अडीच लाखांच्या आत. तिचे बारा हजार आणि समजा नवऱ्याचे आठ, तर वर्षाचे २,४०,००० झाले. आत आहे पण काठावर. ओव्हरटाइम लागला की वर जाईल, मग खोटं लिहून द्यायला सांगू नका, उद्या तिच्याच अंगाशी येईल. त्यापेक्षा कागदावर हिशोब मांडून नवरा-बायको दोघांना दाखवा: योजनेचे वर्षाला १८,०००, पगाराचे १,४४,०००. अठरा गेले तरी काय राहतं ते त्यांना कळतं, आपण भाषण द्यायचं नाही. आणि पैसे २०२३ मध्ये हजारावर सुरू झाले, मग साडेबाराशे, आता पंधराशे, तर "वाढत जातील, नोकरी कशाला" असं पण घरात बोललं जातं, ते धरून चला.

शॉपफ्लोअर_रिटायर्ड

खातेवही ताईंच्या हिशोबात एक भर. बारा हजार हातात येत नाहीत. पीएफ १२ टक्के म्हणजे १,४४०, ईएसआय (कामगारांचा आरोग्य विमा) पाऊण टक्का म्हणजे ९०, हातात १०,४७०. (पीएफ पूर्ण बारावर कापला तर, काही ठिकाणी बेसिक कमी दाखवतात.) हे आधी सांगितलं नाही तर पहिल्या पगारालाच बाईला वाटतं काकांनी फसवलं. त्याच नव्वद रुपयांत पहिल्या दिवसापासून घरच्यांचा पण इलाज होतो, नंदानगरचं ईएसआयचं हॉस्पिटल आहेच. हे सांगा, ९० रुपये मग टोचत नाहीत.

आणि पगार कधी होतो ते विचारलं का कधी? ५ तारखेला लागली तर पहिला पगार पुढच्या महिन्याच्या ७ ला किंवा १० ला. भांडी-झाडूच्या कामात मालकीण मधेच शंभर-दोनशे देते, इथे पस्तीस दिवस काही नाही आणि मॅजिकचं (शेअर व्हॅनचं) भाडं रोज. अर्ध्या जणी तिथेच गळतात. ठेकेदाराकडे मजुरांना आठवड्याला खर्ची (पगारातली उचल) मिळते, तशी नवीन बायकांना पहिल्या महिन्यात द्या म्हणून युनिटशी बोलून बघा, दोन-चार मालक ऐकतात. स्वतःच्या खिशातून उसने देऊ नका मात्र. मी दिले होते, पैसे गेले आणि त्या बाईने यायचं पण सोडलं.

मालवामिल_वाली

काकाजी मी तुमच्या त्या बायकांसारखीच होते म्हणून लिहिते. मिस्टर वारले त्यानंतर विधवा पेन्शन आणि राशन, दोन वर्षं त्याच्यावर काढली, वर चार घरची भांडी. आमच्या गल्लीत एक रिटायर बाई होत्या, त्यांनी मला बिस्किटाच्या युनिटात लावलं. इंटरव्ह्यू वगैरे काही नाही शिकवलं त्यांनी, पहिल्या दिवशी माझ्यासोबत मॅजिकमध्ये बसून गेटपर्यंत आल्या आणि परत गेल्या, बस.

तिसऱ्या दिवशी मशीनवर माझा अंगठाच उठेना. भांडी घासून घासून रेषा गेलेल्या. लाल लाइट लागायची, मागे लाइन, सगळ्या बघतायत, सुपरवायझर म्हणाला पंच नाही तर हजेरी नाही. दोन दिवस काम केलं आणि हजेरी शून्य. मला इतकी शरम वाटली की घरी सांगितलंच नाही, सरळ जायचं नाही असं ठरवलं. संध्याकाळी बाई सहज आल्या, चहा प्यायल्या, माझा हात बघितला आणि म्हणाल्या अगं दुसरं बोट लाव ना. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन अनामिका चढवून घेतली. आजपण तेच बोट लावते, सहा वर्षं झाली.

तुम्ही वही घेऊन बसता ना, आमच्याकडे वही घेऊन कोण येतं तर सर्वेवाले, कार्ड काटणारे. मी पण तुम्हाला खरं नसतं सांगितलं. माफ करा लहान तोंडी मोठा घास.

लेस्टरचा_इंदौरी

मालवामिल ताईंना शंभर टक्के. इथे इंग्लंडात युनिव्हर्सल क्रेडिट म्हणून सरकारी मदत आहे, तिच्यात नोकरी लागली की मदत एकदम बंद होत नाही, कमावलेल्या प्रत्येक पाउंडामागे (काहींना एका मर्यादेच्या पुढेच) ५५ पेन्स कमी होतात (२०२१ च्या नोव्हेंबरपर्यंत ६३ होते). म्हणजे अडीच लाखांसारखी भिंत नाही, उतार आहे. तरी लोक घाबरतातच. सरकारी जॉबसेंटरात वर्क कोच असतात, चांगले पण असतात, पण तोच माणूस अट मोडली की मदत थांबवायची प्रोसेस लावू शकतो, मग त्याच्यासमोर कोण म्हणेल मला भीती वाटते म्हणून? माझी शेजारीण रिटायर नर्स आहे, ती एका चर्चमध्ये अशाच लोकांसोबत बसते, तिच्याकडे ना फॉर्म ना अधिकार. तिला सगळं सांगतात. काका, तुमच्या हातात कुणाचे पैसे कापायची ताकद नाही हीच तुमची मोठी इस्टेट आहे आणि तुम्ही रजिस्टर ठेवून ती घालवताय भिया.



सुदामानगरचे_आजोबा

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. अंगठ्याचं तर माझ्या डोक्यातच कधी आलं नसतं, ज्या सात जणी सोडून गेल्या त्यांना आम्ही "का सोडलं" एवढंच विचारलं, तेपण जरा दरडावून.

आज त्या बाईंच्या घरी गेलो, वही न घेता, शिक्षिका बाईंना पुढे केलं. आधी नवराच बोलत होता. मग तिने ट्रंकेतून नवीन खात्याचं किट काढलं, पाकीट फोडलेलंच नव्हतं, एटीएम कार्ड आतच. पगार आला होता तो पण तिला माहीत नव्हता! मेसेज नवऱ्याच्या जुन्या नंबरवर जातात आणि ते सिम बंद आहे. सीडिंग बघायचं म्हटलं तर आधारला पण तोच नंबर, ओटीपी येणार कुठे. युनिटवाल्याला विचारलंय, सोमवारपर्यंत जागा ठेवतो म्हणाला.

खातेवही ताई, तिला घेऊन उद्या शनिवारी शाखेत जायचा विचार होता, पासबुक भरून घेऊ आणि नंबर बदलू म्हणून. चालेल ना?

खातेवही

उद्या दुसरा शनिवार आहे काका, बँक बंद. सोमवारी पहिल्या शिफ्टला तिला कामावर जाऊ द्या, सुटल्यावर शाखा गाठता आली तर बघा, नाहीतर सुपरवायझरकडून आधीच दोन तासांची सुट्टी मागून ठेवा. अंगठा किंवा सही लागेल, तुमच्या एकट्याने जाऊन होणार नाही. आधारचा नंबर बँकेच्या खात्याबरोबर बदलत नाही, त्यासाठी आधार केंद्र गाठा. आणि एटीएमचा पिन तिलाच टाकू द्या, तुम्ही पाठ फिरवून उभे राहा.