‘पिया बिन’ कॅसेटवर खाली, नेटवर वर. खरा सूर कुठला धरायचा?

सातरस्ता_८१
नमस्कार मंडळी. बाबांच्या कपाटातून एक कॅसेट निघालीय, ऐंशीच्या दशकात त्यांनी कुणाच्या तरी रेकॉर्डवरून भरून घेतलेली. ए बाजूला सगळे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, बी बाजूला गायिका हिराबाई बडोदेकर, वरची चिठ्ठी बाबांच्याच अक्षरात. मिल बंद पडल्यावर बाबा दुपारचे घरीच असायचे आणि ही कॅसेट लागायचीच, खिडकीला ओला पडदा, बाहेर आपलं सोलापूरचं ऊन आणि आत खाँसाहेब. तेव्हा मला त्यातलं काही कळत नव्हतं पण ते आवाज अंगात बसलेत.

तर झिंझोटी रागातलं ‘पिया बिन नहीं आवत चैन’ मी आजवर ह्या कॅसेटवरच ऐकलेलं. परवा नेटवर त्याची साफ केलेली कॉपी मिळाली, लावली आणि पहिल्या सुरालाच दचकलो. गाणं तेच, जागा त्याच, पण सगळंच वर चढलेलं. पेटी काढून बघितलं तर कॅसेटवरचा सा जिथं येतो त्याच्या शेजारच्या पट्टीवर नेटवरचा सा, म्हणजे सरळ अर्धा स्वर. चालही वेगळी लागते. कॅसेटवर ते गाणं वाट बघून दमलेल्या माणसाचं वाटतं, नेटवर तोच माणूस अजून दारात उभा राहून रस्त्याकडं बघतोय असं. शिवाय नेटवर खरखर अजिबात नाही पण मला तर आवाज कुणीतरी पुसून काढल्यासारखा वाटला, दोन ओळींच्या मधे एकदम पोकळी येते.

आता प्रश्न असा की खरा कुठला मानायचा? खाँसाहेब कुठल्या सुरात गायले हे आज कळायची काही सोय आहे का? आणि तुम्ही हे गाणं ऐकता तेव्हा तुम्हाला काय वाटतं तेही लिहा, मला ते जास्त वाचायचंय.

टेपवाले_काका
मी तीस वर्षं टेपरेकॉर्डर दुरुस्त केलेत त्यामुळं मशिनपुरतं सांगतो, गाण्याचं जाणकार सांगतील.

पहिलं म्हणजे दोन्हींची वेळ मोजा. सूर चढला आणि वेळ कमी झाली तर तो स्पीडचा फरक, बाकी काही नाही. अर्ध्या स्वराला साधारण ६ टक्के स्पीड लागतो, म्हणजे ७८ ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी ८२-८३ वर फिरवली की अख्खं गाणं अर्धा स्वर वर. आणि ७८ हे पण नावालाच, जुन्या काळी सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ वर भरलेल्या नसायच्या, १९२५ च्या आधीच्या भोंग्यासमोर गाऊन भरलेल्या तर फारच पुढं मागं. तुमची ही नंतरची, मायक्रोफोनवर भरलेली आहे, तिथं फरक कमी असतो पण नसतोच असं नाही.

दुसरा संशय कॅसेटवर. टेपचा पट्टा रबराचा, आपल्याकडच्या उन्हानं तो सैल पडतो आणि मशिन हळू चालायला लागतं, सूर खाली. तुमचा टेप किती वर्षांचा आहे? पट्टा कधी बदललाय का?

आता युक्ती सांगतो. घरी भरलेल्या कॅसेटमधे बहुतेक वेळा करंटचा बारीक घूं आवाज भरलेला असतो. आपल्याकडं करंट ५० हर्ट्झचा. टेप सेलवर चालवा, लाईटवर नको, नाहीतर टेपचा स्वतःचा घूं त्यात मिसळंल. फोनमधे फ्रिक्वेन्सी दाखवणारं अॅप घ्या आणि दोन गाण्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बघा. ५० वर आला तर कॅसेटचा स्पीड बरोबर. कमी आला तर ज्या मशिनवर भरली त्याच्यापेक्षा तुमचं मशिन हळू चाललंय. ह्यानं फक्त कॅसेटचा घोळ निस्तरतो, रेकॉर्ड किती स्पीडवर फिरत होती ते ह्यातनं कळणार नाही. आणि ऐकायच्या आधी हेड स्पिरिटनं पुसा, एवढी जुनी कॅसेट आहे तर आतलं फीत हेडवर दाबणारं पॅड पण बघून घ्या.

षड्ज_मावशी
बाळा, तू हे विचारलंस ते फार बरं झालं. किराणा घराण्याच्या गाण्याची तालीम घेतलेली आहे मी, थोडीच, पण ऐकणं आयुष्यभर चालू आहे.

ही १९३० च्या दशकातली ओडियन कंपनीची ध्वनिमुद्रणं. एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मिळायची, आणि हा माणूस एरवी एकेका स्वरावर किती वेळ थांबणारा! त्या तीन मिनिटांत त्यांनी कुठं घाई केलीय असं वाटत नाही हेच मला दरवेळी नवल वाटतं. तू ‘चैन’ ह्या शब्दावर लक्ष ठेव. तो शब्द ते संपवतच नाहीत, सोडून देतात, आणि परत मुखड्यावर येताना तोच शब्द वेगळ्या बाजूनं धरतात. भीमसेन जोशींनी लहानपणी हीच रेकॉर्ड ऐकली आणि असं गायला शिकायचं म्हणून अकरा वर्षांचं पोर १९३३ साली घर सोडून निघालं. तीन मिनिटांच्या तबकडीत केवढी ताकद असेल बघ.

सुराचं म्हणशील तर माझी पद्धत कानाची आहे. व्यंजनं ऐकायची. स्पीड वाढवला की ‘प’ आणि ‘च’ टोचायला लागतात, श्वास लहान मुलासारखा वाटतो, आणि कणस्वर, म्हणजे मुख्य सुराला लागून येणारे निसटते सूर, नुसते सटकतात. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक आणि वरचा, त्यामुळं वर वाटला म्हणून लगेच चूक म्हणू नकोस. पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, ती ऐक, रेशमासारखी उतरायला हवी, तिथं धक्का बसला तर स्पीड जास्त.

पोकळीचं तू लिहिलंस ते अगदी बरोबर. खरखर पुसताना मागची साथ आणि आवाजाची वरची झिलई दोन्ही जाते, स्वर संपल्यावर त्याची जी आस मागं राहते तीच नेमकी खरखरीत मिसळलेली असते. मला विचारशील तर साफ केलेली कॉपी नकोच. पहिली दहा सेकंदं खरखर ऐकू येते, नंतर कान ती बाजूला ठेवतो, पण गेलेली आस कान परत आणू शकत नाही.

एक आणखी. पंढरपूरहून मिरजेची गाडी धरून एकदा जाऊन ये. खाँसाहेब १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या स्टेशनवर गेले पण त्यांची कबर मिरजेत मिरासाहेबांच्या दर्ग्यात आहे. तिथल्या उरुसात अजून गाणं होतं. आणि मिरजेच्या तंबोऱ्यांचे भोपळे आपल्या पंढरपूर मंगळवेढ्याकडून भीमेकाठचे जातात हे किती जणांना माहीत आहे कुणास ठाऊक, मला त्याचा फार अभिमान आहे.

कंबरतलाव
मावशींचं म्हणणं पटतंय पण कानाच्या बाबतीत मी एकदा पार फसलोय म्हणून लिहायलोय.

आमच्या घरी कन्नड, त्यामुळं आईला गंगूबाई हनगल म्हणजे घरच्याच. तो जाड, भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाज ऐकत मोठा झालो. एकदा त्यांच्या १९३० च्या दशकातल्या तबकड्या ऐकायला मिळाल्या, लेबलवर नाव ‘गांधारी’, आणि आवाज एकदम बारीक, उंच, कोवळा. मला शंभर टक्के वाटलं की कुणीतरी भलत्याच स्पीडवर चढवलंय. फोनवर स्पीड कमी करत करत गेलो, आवाज ओळखीचा येईना आणि गाणं मात्र रडकं झालं, ताल लोळायला लागला. मग आईनं सांगितलं की अरे तरुणपणी त्यांचा आवाज तसाच होता, टॉन्सिलच्या उपचारानंतर तो खाली उतरला. म्हणजे तबकडी बरोबर होती, माझ्या डोक्यातल्या गंगूबाई नंतरच्या होत्या. त्यानंतर ती रेकॉर्ड आहे तशी ऐकली तर काय दाणेदार तान आहे हो! आता मला दोन्ही गंगूबाई पाहिजेत.

सातरस्ता, तुमच्याही डोक्यात लहानपणचा सूर बसलाय हे धरून चाला. तुम्हाला जो दमलेला माणूस ऐकू येतो तो कदाचित सैल पट्ट्याचा असेल. राग मानू नका.

सातरस्ता_८१
राग कसला, उलट दोन रात्री हेच करायलोय. काकांनी सांगितलं तसं सगळं केलं.

कॅसेटवर गाणं ३ मिनिटं २४ सेकंद, नेटवर ३ मिनिटं १२. म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपासच, काका म्हणाले तस्सं. हेड पुसलं, सेल घातले, घूं सापडला आणि तो आला ४८ वर! पट्टा कधीच बदललेला नव्हता. मग कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन घूं ५० वर येईल इतका स्पीड वाढवला तर गाणं ३ मिनिटं १६ वर आलं. दोनतृतीयांश फरक आमच्या टेपचा होता. उरलेले चार सेकंद, म्हणजे २ टक्के, ते कुठले ते कळत नाही, ७८ आणि ८० मधला फरक साधारण एवढाच असतो. एक तर बाबांना भरून देणाऱ्याचा रेकॉर्ड प्लेअर हळू असेल नाहीतर नेटवाल्याचा जोरात.

मग मावशी तुमची कसोटी लावली. डोळे मिटून तिन्ही ऐकली. नेटवरच्यात ‘पिया’चा ‘प’ खरंच टोचतो, ३:१६ वाल्यात नाही टोचत. आणि ‘चैन’ सोडून देतात ते कळलं, इतकी वर्षं ऐकून कधी लक्षात आलं नव्हतं, आता तेवढीच जागा परत परत लावतोय. मींडेचं मला अजून ठरवता येत नाही, कान तेवढा तयार नाही.

काल बाबांना ३:१६ वालं ऐकवलं. काही न सांगता. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि म्हणाले, भरून आणली तेव्हा असंच वाजायचं, मधे कधी उतरलं कळलंच नाही. मग म्हणाले पण मला ते उतरलेलंच लाव, मला त्या सुरात गुणगुणता येतं, ह्यात गळा पोचत नाही आता. त्यांना तेच लावून दिलं.

टेपवाले_काका
नवा पट्टा टाकायच्या आधी जुन्या पट्ट्यावर पण एकदा पूर्ण कॅसेट उतरवून ठेवा. बाबांचा सूर त्या पट्ट्यात आहे, तो काढला की गेला. पट्टा नवी पेठेत मिळंल, जुना बरोबर घेऊन जा, माप लागतं.

षड्ज_मावशी
बाबांना नमस्कार सांग. आणि बी बाजू कधी? हिराबाई खाँसाहेबांच्याच कन्या, पण त्यांचा षड्ज, म्हणजे सा, ऐक, वडिलांसारखा भिजलेला नाही, कोरडा आणि स्वच्छ, आणि मला तो तितकाच आवडतो.

सातरस्ता_८१
रविवारी उतरवतो मावशी. तिथं घूं किती येतोय ते पण लिहितो.