डायलिसिसचा पेशंट, हिपॅटायटिस बीची लस झाली तरी टायटर (रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी) ४. मदत हवी

घणसोलीकर: वडील, वय ६३, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लशीचे सगळे डोस झाले, टायटर ४. सेंटरवाले म्हणतात परत घ्या. तेच परत घेऊन काय वेगळं होणार? सोमवारी पाळी आहे, लवकर सांगा.

नौपाडा४०: किती मायक्रोग्रॅम? कुठल्या महिन्यांत? दंडात की कमरेत? टायटर शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी?

घणसोलीकर: ०, १, ६ महिने. एक मिली, दंडात.

नौपाडा४०: इथेच घोळ आहे. मोठ्यांच्या एंजेरिक्स लशीची एक मिली म्हणजे २० मायक्रोग्रॅम, धडधाकट माणसाचा डोस. डायलिसिसवाल्याला ४० लागतात, म्हणजे दोन मिली; ०, १, २, ६ महिने. टायटर शेवटच्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी, १० किंवा वर हवा. चौथ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

गावठी_उपाय: काविळीला उसाचा रस द्या, बाहेरचं पाणी बंद.

लॅबवाला_कळवा: पाण्यातून ए आणि ई पसरतो. इथे बी चाललंय, रक्तातून पसरणारा.

सुई_धागा: त्वचेच्या थरात ५ मायक्रोग्रॅम, दर आठवड्याला. स्नायूत न चढलेला टायटर यात चढतो.

नौपाडा४०: चढतो, पण फुगवटा नीट उठला तर. सुई जरा खोल गेली की डोस वाया. आधी पूर्ण ४० चा कोर्स तरी होऊ दे.

घणसोलीकर: टायटर १४ महिन्यांनी केला होता.

लॅबवाला_कळवा: हे आधी सांगायचं ना! चढून उतरला असेल. एक ४० चा डोस देऊन महिन्याने बघा.

नौपाडा४०: चढला होता याला पुरावा काय? निम्म्या डोसवर भरवसा नको, चारही द्या. त्याआधी रक्ताच्या दोन तपासण्या: एचबीएसएजी (विषाणूचा अँटिजेन, आत्ता संसर्ग आहे का) आणि टोटल अँटी-एचबीसी (आत्ता किंवा पूर्वी संसर्ग झालाय का). संसर्ग होऊन गेला असेल तर लस देऊन उपयोग नाही.

लॅबवाला_कळवा: रक्त लशीच्या आधीच काढा. टोचल्यावर तीन आठवडे एचबीएसएजी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, लशीतलाच अँटिजेन सापडतो. मग संसर्ग आहे समजून डायलिसिसला वेगळं मशीन, नसता मनस्ताप.

घणसोलीकर: फिस्टुला (डायलिसिससाठी जोडलेली रक्तवाहिनी) डाव्या हाताला. दोन्ही मिली उजवीकडे?

नौपाडा४०: हो. एकेक मिलीची दोन इंजेक्शनं, इंचभर अंतरावर. हिपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असतं, म्हणून बारीक सुई, दोन मिनिटं दाबून धरा, चोळू नका. बाटली फ्रिजरला चिकटून ठेवलेली नव्हती ना, तेही विचारा. गोठलेली लस फेकायचीच.