ऑर्डरी थांबल्यात, दिवाळीच्या सुट्टीत सहलीला जावं की पैसे धरून ठेवावेत?

टॉवेललाइन_सोलापूर (सप्टेंबर 2025)

नमस्कार मंडळी. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात फोल्डिंग-पॅकिंग खात्याचा सुपरवायझर आहे. घरात आई, बायको, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत सगळ्यांनी केरळला जायचं हे गेल्या वर्षीच ठरलं होतं. बायको घरी शिवणकाम करते, गणवेशाचं जॉबवर्क. त्यातले पैसे ती सहलीसाठी बाजूला टाकत आली आहे. साठेक हजार जमलेत. वरचे पंधरा-वीस हजार माझ्या बोनसमधून घालायचे होते.

आता अडचण सांगतो. आमचा बराचसा माल अमेरिकेला जातो. तिकडं 7 ऑगस्टपासून आपल्या मालावर 25 टक्के टॅरिफ, म्हणजे आयातीवरचा जादा कर, लागलं आणि 27 ऑगस्टपासून आणखी 25. आधीची ड्यूटी वेगळीच. टॅरिफ तिथला घेणारा भरतो हे खरं, पण तो लगेच फोन करून भाव पाडून मागतो, नाहीतर "थोडं थांबा" म्हणतो. आमच्या वाट्याला "थांबा" आलंय. पॅकिंग हॉलमध्ये तयार खोकी पंख्यापर्यंत रचून ठेवलीत. हा माल उचलून इथल्या चाटी गल्लीच्या कापडबाजारात विकावा म्हटलं तर तेही जमत नाही. माप इंचातलं, वजन त्यांच्या मागणीचं, आणि कडेच्या शिवणीत तिथल्या दुकानाचं लेबल. ते उसवलं की शिवण सुटते, मग तो टॉवेल सेकंडच्या, म्हणजे खोट असलेल्या मालाच्या भावात जातो.

रात्रपाळी बंद झाली, ओव्हरटाइम गेला. पगार वेळेवर होतोय. मालक माणूस म्हणून चांगले आहेत, अजून कुणाला कमी केलेलं नाही, पण दिवाळीनंतरचं तेही सांगू शकत नाहीत. बोनस कायद्याप्रमाणं 8.33 टक्के मिळेल. त्याच्या वर दरवर्षी जे मिळायचं ते यंदा मी धरलेलं नाही.

दुसऱ्या बाजूनं, मुलगी पुढच्या वर्षी दहावीला. आई अडुसष्ट वर्षांची, आज हिंडतेफिरते. बायको म्हणते, "हे पैसे मशीनवर बसून मी मिळवलेत, कारखान्याचे नाहीत." तिचं चूक नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. माझ्या हाताखालच्या बायका-माणसांचं घर ओव्हरटाइमवर चालायचं. एकीनं परवा मुलाचा क्लास बंद केल्याचं सांगितलं. अशा वेळी मी आठवडाभर रजा टाकून केरळला जायचं, हे मला पैशाइतकंच जड जातंय. टूरवाल्यांना पंधरा तारखेच्या आत निम्मी रक्कम हवी आहे. काय करावं?

हिशेबी_बार्शी

सहलीचे पैसे न धरता घर किती महिने चालेल? आणि हप्ते कोणकोणते आहेत? हे कळल्याशिवाय कुणाचाच सल्ला कामाचा नाही.

टॉवेललाइन_सोलापूर

घराचा हप्ता 6,200. बाकी कर्ज नाही. सहलीचे पैसे सोडून चार महिने निघतील. सोनं आहे थोडं, पण ते मुलीचं म्हणून ठेवलंय.

यंत्रमाग_निलमनगर

दादा, मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. जाऊ नका.

मी चादरीचे माग चालवतो. माझा माल देशातच जातो, तरी मला झळ लागायला लागली आहे, कारण एक्स्पोर्टवाले आता लोकल बाजारात उतरलेत. तुम्ही टॅरिफ कमी व्हायची वाट बघत असाल, पण ते उद्या कमी झालं तरी ऑर्डर उद्या येत नसते. पाकिस्तानला 19 टक्के आहे, बांगलादेशाला 20. अमेरिकेतल्या घेणाऱ्यानं एकदा कराचीत सॅम्पल पास केलं, भाव ठरवला, की तो पूर्ण सीझन तिकडं काढतो. सूत आणा, रंगवा, विणा, तपासा, कंटेनर भरा, यातच काही महिने जातात. म्हणून तुमचे चार महिने मला कमी वाटतात. निदान सहा महिन्यांचं हाताशी असू द्या. केरळ कुठं पळून जात नाही.

कर्जखातं_निवृत्त

मी बँकेत कर्ज खात्यात काम केलं, आता निवृत्त आहे. माझे वडील गिरणी कामगार होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळं सोलापुरात काम थांबतं म्हणजे घरात काय होतं हे मी जवळून पाहिलंय. वरच्या भाऊंची काळजी खरी आहे. तरीही माझं मत वेगळं आहे.

खर्च झालेला पैसा आणि अडकलेला पैसा यांत फरक असतो. आज तुम्हाला साठ हजारांच्या खर्चाची भीती नाही. भीती ही आहे की निम्मी रक्कम आज भरली, ऑक्टोबरात काम गेलं, तर ती परत मिळणार नाही. टूरवाल्यांकडं रद्द करण्याचे टप्पे असतात, निघायची तारीख जवळ आली की कापली जाणारी रक्कम वाढत जाते. ते कागदावर मागून घ्या आणि नीट वाचा. तोंडी "बघू की साहेब" याला काही अर्थ नाही. शिवाय कुणी सहल हप्त्यावर देऊ केली तर दारातूनच परत पाठवा. सहल आठवड्यात संपते, हप्ता वर्षभर राहतो, आणि नोकरी गेल्यावर तोच आधी थकतो. अशी खाती माझ्या टेबलावरून गेली आहेत.

म्हणून केरळ नको. पण सहलच नको असंही मी म्हणणार नाही. निघायच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत थोडक्या तोट्यात मोडता येईल अशी सहल ठरवा. रेल्वेचं कन्फर्म तिकीट 48 तासांपेक्षा आधी रद्द केलं तर स्लीपरला माणशी 120 रुपये कापतात, थर्ड एसीला 180 आणि वर जीएसटी. इतकी जोखीम तुमच्या घराला झेपते. दोन-अडीच महिन्यांचा घरखर्च त्या साठ हजारांतून बाजूला काढा, म्हणजे भाऊ म्हणतात ते सहा महिने पुरे होतात. उरलेल्यात काय बसतं ते बघा.

आणि हे सगळं बायकोशी बोलून. पैसे तिचे आहेत. तिनं "राहू दे" म्हटलं तर तो तिचा निर्णय असेल, तुम्ही तो तिच्यावर लादू नका.

कामावरच्या बायकांबद्दल तुम्हाला वाटतं ते चांगलं आहे. पण तुम्ही घरी बसल्यानं त्या मुलाचा क्लास सुरू होणार नाही. फोटो गावभर पाठवू नका, एवढं पुरे. काही करायचंच असेल तर त्या क्लासची एक महिन्याची फी गुपचूप भरा.

गदगलाइन

ताईंच्या हिशेबात बसणारी सहल सांगतो. सोलापूर-विजापूर-बागलकोट-बदामी-गदग ही आपल्याच स्टेशनातून निघणारी लाइन. गदगला गाडी बदलली की होस्पेट, तिथून हंपी जवळच. सगळा प्रवास तुकड्या-तुकड्यांत होतो, कुठूनही परत फिरता येतं.

विजापूर शंभरेक किलोमीटर. गोलघुमटाला सकाळी दार उघडताच जा. शाळांच्या सहली यायच्या आत वरच्या सज्ज्यात पोचलात तर भिंतीशी कुजबुजलेलं समोरच्या बाजूला ऐकू येतं. एकदा पोरं ओरडायला लागली की सगळा गलका. जिना अरुंद आहे, सात मजले चढावे लागतात. आईंना खाली संग्रहालयापाशी बसवा. बदामीच्या लेण्यांनाही पायऱ्या आहेत, पण पट्टदकल सपाट मैदानात आहे, तिथं त्या सगळं बघू शकतील. पुरातत्त्व खात्याचं तिकीट 25 किंवा 40 रुपये, 15 वर्षांच्या आतल्या मुलांना लागत नाही. नववीतल्या मुलीचं आधारकार्ड जवळ ठेवा.

आई वारकरी असतील तर हंपीचं विठ्ठल मंदिर त्यांना दाखवाच. कृष्णदेवरायानं पंढरीचा विठोबा इथं आणला आणि एकनाथ महाराजांचे पणजोबा भानुदास महाराजांनी तो परत नेला, अशी परंपरा सांगतात. लेकरांना दगडी रथ पन्नासच्या नोटेवरून ओळखू येईल.

खोल्यांचं म्हणाल तर 7,500 पर्यंतच्या भाड्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबरपासून 12 वरून 5 टक्के होतोय. फोनवर खोली धरा, आगाऊ कमीत कमी द्या. सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दह्याचं भांडं घेतलं की दुपारचं जेवण विकत घ्यायची गरज नाही.

यंत्रमाग_निलमनगर

असं असेल तर माझी हरकत नाही. फक्त बोनस हातात पडेपर्यंत खोली पक्की करू नका.

टॉवेललाइन_सोलापूर

सगळ्यांचे आभार. रात्री बायकोला हे सगळं वाचून दाखवलं. केरळ राहिलं याचं तिला वाईट वाटलं, ते तिनं लपवलं नाही. पण तिनंच वही काढली आणि पस्तीस हजार बाजूला लिहिले. उरलेल्या पंचवीसात विजापूर, बदामी, हंपी. बोनस यात धरायचा नाही, असं तिचंच म्हणणं. भानुदास महाराजांचं ऐकल्यावर आईनं लगेच विचारलं, निघायचं कधी. मुलगी थोडी नाराज आहे, तिला समुद्र बघायचा होता. तिला मी सध्या काही कबूल केलेलं नाही, कारण पाळता येईल की नाही हे मलाच माहीत नाही.

भाऊबीजेनंतरची स्लीपरची तिकिटं काढतोय. निघायच्या तीन दिवस आधी कारखान्यात काय चाललंय ते बघून शेवटचं ठरवू. क्लासच्या फीचं ताईंनी सांगितलेलं पटलं, ते या पगारातून करतो.

गदगलाइन, एक विचारायचं राहिलं: होस्पेटला उतरून हंपीत राहायचं की होस्पेटलाच? आईला रात्री दवाखाना जवळ असलेला बरा.

गदगलाइन

मग होस्पेटलाच राहा. गाव मोठं आहे, दवाखाने आहेत, आणि हंपीला सकाळपासून बस मिळते.