पोस्टात पार्सल टाकायचं आणि काउंटरवाल्याला मार्क द्यायचे, असं काम कोणी केलंय का? (इंदूर)

मृणाल_रामबाग

नमस्कार मंडळी, इंदूरकरांना विचारतेय पण बाहेरच्यांनी सांगितलं तरी चालेल. मला व्हॉट्सॲपवर एका बाईंचा मेसेज आलाय, नंबर ओळखीचा नाही, त्या म्हणतात तुमच्या भिशीतल्या कोणीतरी दिला. त्यांची म्हणे मुंबईला एजन्सी आहे आणि त्यांना इंदूरमध्ये मिस्ट्री शॉपर हवेत. म्हणजे पोस्टात साधं गिऱ्हाईक बनून जायचं, पार्सल स्पीड पोस्ट करायचं, रांग किती होती, काउंटरवरचा माणूस कसा बोलला, पावती नीट दिली का हे सगळं लक्षात ठेवायचं आणि घरी येऊन मोबाइलवर फॉर्म भरायचा. पोस्टाचा खर्च ते देणार, वर दर पार्सलमागे मेहनताना.

एरवी मी सरळ डिलीट केलं असतं, पण माझी नणंद अमेरिकेत असते आणि तिने तिकडे हेच काम केलेलं आहे, त्यामुळे असं काम असतं हे मालूम आहे. मुलं शाळेत गेली की दुपार मोकळीच असते आणि जीपीओ काही फार लांब नाही. त्यांनी नमुन्याचा फॉर्म पाठवलाय त्यात एक प्रश्न आहे "कर्मचाऱ्याने हसून स्वागत केले का?" आता आमच्या इथल्या छोट्या पोस्टात एकच माणूस एका हाताने बारकोड चिकटवतो, दुसऱ्या हाताने कोणाचं पासबुक सरकवतो आणि तोंडाने आधारवाल्याला "उद्या या" सांगतो, त्याने हसायचं कधी हो?

तर हे खरं असतं का, आणि खरं असेल तर त्यात बघायचं काय असतं?

सुखलियाचा_बंटी

भाभी पहिला प्रश्न, पैसे मागितले का? रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, आयडी कार्ड, कशाचेही. मागितले तर ब्लॉक मारा, पुढचं कोणाचं वाचूही नका.

मृणाल_रामबाग

नाही मागितले अजून. आणि भाभी नको रे, ताई म्हण.

जर्सीकर_स्नेहलतागंज

मूळचा इंदूरचाच, आता अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला. इकडचं सांगतो म्हणजे तुलना करता येईल. अमेरिकेचं पोस्ट खातं बाहेरच्या कंपनीकडून अशी तपासणी करून घेत आलंय, माझ्या बायकोने थोडे दिवस केलं होतं. पार्सल आपणच बांधायचं, ठरलेल्या वजनाचं, आणि ते काउंटरवरच द्यायचं. इकडे नुसती तिकिटं लावलेलं 10 औंसांच्या वरचं पार्सल पेटीत टाकता येतच नाही, त्यामुळे काउंटरवर जाण्याचं कारण आपोआप मिळतं.

तिथे मुख्य काय बघायचं, तर क्लार्क तो ठराविक प्रश्न विचारतो की नाही: यात काही नाजूक, पातळ, नाशवंत किंवा धोकादायक आहे का, लिथियम बॅटरी, परफ्यूम वगैरे? लोकांना ती पोपटपंची वाटते पण पार्सल विमानाने जातात आणि बॅटरी हवेत पेटली तर काय होईल विचार करा. गंमत म्हणजे कितीतरी क्लार्क ओळखीचं गिऱ्हाईक दिसलं की हा प्रश्न गाळतात आणि अनोळखी माणसाला मात्र अख्खा म्हणून दाखवतात, म्हणजे तपासणी नेमकी चुकीच्या माणसावर होते. बाकी मग लवकर पोचणारा आणि स्वस्तातला असे दोन्ही पर्याय सांगितले का, विमा विचारला का, तिकिटं वगैरे काही लागतं का विचारलं का, पावती हातात दिली का. आणि रांगेतली मिनिटं, पाचच्या आत नंबर लागावा अशी त्यांची अपेक्षा असायची.

आता दुसरी बाजू. याच नावाखाली इकडे वर्षानुवर्षं फसवणूक चालते आणि पोस्टाचेच इन्स्पेक्टर लोकांना सावध करत असतात. घरी चेक येतो, सोबत पत्र, की तुम्ही मिस्ट्री शॉपर झालात, चेक खात्यात भरा, तुमचा मेहनताना ठेवा आणि उरलेल्याची मनी ऑर्डर किंवा गिफ्ट कार्ड घेऊन पाठवा, ती "सेवा" कशी वाटली ते लिहा. बँक एक-दोन दिवसांत पैसे खात्यात दाखवते, चेक खोटा होता हे कळायला आठवडे जातात, तोवर तुमचे खरे पैसे गेलेले आणि बँक वसुली तुमच्याकडूनच करणार. तुमच्याकडे चेकच्या जागी यूपीआय असेल एवढाच फरक.

ऑडिटवाला_विजयनगर

मी हे काम करतो, पोस्टाचं नाही, गाड्यांची शोरूम, कपड्यांची दुकानं, पेट्रोल पंप असलं. थोडं धंद्यातलं सांगतो ताई.

खरं काम असं येतं: आधी ब्रीफ देतात चांगलं आठ-दहा पानी, त्यावर छोटी परीक्षा असते, पास झालात तरच काम. मग दिवस आणि वेळेची खिडकी दिलेली असते, त्याच्या बाहेर गेलात तर रिपोर्ट बाद. पावतीचा फोटो लागतो कारण तिच्यावर वेळ छापलेली असते आणि तुम्ही खरंच गेलात याचा तोच पुरावा. फॉर्ममध्ये "छान वागला" लिहिलं तर परत पाठवतात, काय म्हणाला तेच शब्द लिहा म्हणतात. बिल्ल्यावर नाव असेल तर नाव, नसेल तर "पन्नाशीचे गृहस्थ, अर्ध्या बाहीचा चौकटीचा शर्ट, चष्मा कपाळावर". हे सगळं डोक्यात धरून बाहेर यायचं आणि कोपऱ्यावर गाडी थांबवून लगेच टिपायचं, काउंटरसमोर मोबाइलवर लिहीत बसलात तर ओळखू येतं.

पैशाचं म्हणाल तर चहापाण्याचं आहे. खर्च आधी आपल्या खिशातून, परतावा महिन्या-दीड महिन्याने, तोही रिपोर्ट पास झाला तर. त्यामुळे कोणी रोज पाच पार्सल आणि रोजच्या रोज पैसे म्हणालं की मला तिथेच खटकतं, कारण एकाच काउंटरवर तोच चेहरा रोज दिसला तर त्यात मिस्ट्री कसली राहिली? आमच्यात एकदा गेलेल्या दुकानात पुन्हा बरेच महिने पाठवत नाहीत.

एमएसपीए म्हणून या धंद्याची संघटना आहे, तिच्या साइटवर सदस्य कंपन्या सापडतात. त्या बाईंच्या एजन्सीचं नाव काय? आणि ताई, पार्सलमध्ये काय घालायचं हे ठरलंय का, आणि ते कोणाच्या पत्त्यावर जाणार?

निवृत्त_टपालकाका

मी आयुष्य काउंटरच्या आतल्या बाजूला काढलं, इंदूर आणि आसपास. मृणालताईंचा हसण्याचा प्रश्न वाचून मात्र हसू आलं.

तपासणी आमच्यावर पूर्वीपासून आहे, फक्त नाव इंग्रजी नव्हतं. टेस्ट लेटर असायची. इन्स्पेक्टर साहेब एखाद्या पेटीत गुपचूप पत्र टाकून यायचे, ती पेटी वेळेवर उघडली का ते त्या पत्राच्या शिक्क्यावरून कळायचं. ट्रायल कार्ड म्हणजे वाटेत कुठे किती वेळ गेला ते बघण्यासाठी. आता पेटीच्या आत बारकोड असतो, तो मोबाइलने स्कॅन केल्याशिवाय पेटी उघडल्याची नोंद होत नाही, त्यामुळे "उघडली साहेब" असं सांगून चालत नाही.

आता कोणी खरोखर काउंटर तपासणार असेल तर माझ्या मते हसण्याबिसण्यापेक्षा या गोष्टी बघा. क्लार्कने वजन तुमच्यासमोर केलं का. डबा मोठा आणि हलका असेल तर टेप लावून मापं घेतली का, कारण आकारमानाच्या वजनाने पैसे लागतात आणि गिऱ्हाईक तिथेच भडकतं, तेव्हा त्याने नीट समजावलं की "सिस्टिम सांगते" म्हणून मोकळा झाला. आणि पत्त्यातला पिन कोड. सिस्टिममध्ये पिन टाकला की पुढे ऑफिसचं नाव येतं, चांगला क्लार्क ते नाव मोठ्याने वाचतो, "पुणे तीस, बरोबर ना?" पिन चुकला आणि पत्त्यात शहर कितीही ठळक लिहिलेलं असलं तरी थैली पिनच्याच गावाला जाते. (हा पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला आला आणि त्यामागचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस आणि संस्कृतचा पंडित. पण आपल्याच लोकांना पिन लिहायचा कंटाळा.)

मग पावतीवरचा नंबर बघा, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी आयएन. त्या नऊ आकड्यांतला शेवटचा आकडा तपासणीचा असतो, आधीच्या आठांवरून गणिताने येतो, म्हणून कोणी मनाने रचलेला नंबर ट्रॅकिंगमध्ये बहुधा उघडा पडतो. पाकिटावरचा नंबर आणि पावतीवरचा एकच आहे ना एवढं गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे बघितलं तर निम्मी भांडणं मिटतील.

पर्याय सांगितले का, हे मात्र आता विचारू नका. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात मिसळलं, 1 ऑक्टोबरपासून दर बदलले, आणि ज्याला नेमकं त्याच माणसाच्या हातात द्यायचंय त्याने रजिस्ट्रेशनचे 5 रुपये आणि जीएसटी वेगळे भरायचे. ओटीपी देऊन डिलिव्हरी हवी तर तिचेही तेवढेच. ही माहिती काउंटरवर स्वतःहून सांगतात का, हा प्रश्न फॉर्ममध्ये हवा. म्हातारे लोक अजून "रजिस्टर एडी" मागतात आणि कोणी म्हणतो बंद झालं, तेवढं ऐकून ते परत जातात. हा खरा दोष आहे, हसण्याचा नाही.

आणि कधी जायचं तेही महत्त्वाचं. महिन्याच्या 15 तारखेला आणि शेवटच्या दिवशी आरडीचे एजंट गठ्ठे घेऊन बसलेले असतात, कारण खातं महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलंय की दुसऱ्या, त्यावर हप्त्याची शेवटची तारीख ठरते. छोट्या ऑफिसात बचत आणि टपाल एकाच खिडकीवर. त्या दिवशी घड्याळ लावून कोणी "रांगेत अर्धा तास" लिहिलं तर खोटं नाही, पण त्यावरून त्या पोराला शून्य मार्क देणं अन्याय आहे. ऑगस्ट 2025 मध्ये देशभर नवीन सॉफ्टवेअर आलं तेव्हाही तेच, स्क्रीन अडकली की शिव्या खाणारा माणूस खिडकीतला.

नुसती सेवा तपासायची तर डबा कशाला, 50 ग्रॅमच्या आतला लिफाफा स्पीड पोस्टाने परगावी 47 रुपये आणि जीएसटी, गावातल्या गावात 19. कोणी रोज डबेच पाठवा म्हणतंय ते मला पटत नाही.

हेगमधला_पाटणकर

काकांनी ट्रायल कार्ड म्हटलं म्हणून लिहितो, युरोपात हे आजही चालतं. इंटरनॅशनल पोस्ट कॉर्पोरेशनची युनेक्स नावाची मोजणी 1994 पासून आहे. सामान्य लोकांचं पॅनेल असतं, ते एकमेकांना टेस्ट पत्रं पाठवतात, काही पत्रांत चपटी आरएफआयडी चिप असते आणि टपाल केंद्रात लावलेले अँटेना ती टिपतात, म्हणजे उशीर नेमका कुठल्या देशात झाला ते दिसतं. युरोपियन युनियनचा 1997 चा निर्देश आहे, युनियनमध्येच एका देशातून दुसऱ्या देशात जाणारी 85 टक्के पत्रं तीन दिवसांत आणि 97 टक्के पाच दिवसांत पोचावीत, ते तपासायला ही मोजणी. पॅनेलवाल्याने क्लार्कशी बोलायचंच नसतं, फक्त तारीख नोंदवायची. म्हणजे वाट मोजणं वेगळं आणि खिडकी मोजणं वेगळं. तुमच्या त्या बाई यातलं काय मोजतायत?

मृणाल_रामबाग

सगळ्यांना थँक्यू, काकांचं तर प्रिंट काढून ठेवावं असं आहे. ऑडिटवाल्या दादांनी विचारलं ते मी आज बाईंना विचारलं. एजन्सीचं नाव सांगायला टाळाटाळ केली, "ऑनबोर्डिंग झालं की कळेल" म्हणाल्या. आणि म्हणे पार्सल तुम्हाला बांधावी लागणार नाहीत, आमचे सीलबंद डबे कुरिअरने तुमच्या घरी येतील, तुम्ही वरचं लेबल काढून आम्ही पाठवू ते नवीन लेबल लावायचं, पाठवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव-पत्ता, आणि वेगवेगळ्या पोस्टांतून टाकायचे. सोबत आधारचा फोटो आणि कॅन्सल चेक मागितलाय. डबे उघडायचे नाहीत म्हणे, "नाहीतर टेस्ट खराब होते".

ऑडिटवाला_विजयनगर

ताई नाही. अजिबात नाही. हे मिस्ट्री शॉपिंग नाहीच, यात तुम्ही फक्त वाहतूक करताय.

जर्सीकर_स्नेहलतागंज

इकडे याला रीशिपिंग स्कॅम म्हणतात. चोरलेल्या कार्डावर ऑनलाइन वस्तू मागवायच्या, त्या कोणा गृहिणीच्या किंवा विद्यार्थ्याच्या पत्त्यावर उतरवायच्या आणि तिच्याकडून पुढे पाठवायच्या, म्हणजे माग काढणारा तिच्या दारात येऊन थांबतो. पहिल्या महिन्याचा पगार मिळण्याच्या सुमारास समोरचा नंबर बंद होतो.

निवृत्त_टपालकाका

मृणालताई, डब्यात काय आहे ते मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही सांगू शकणार नाही, मुद्दा तोच आहे. काउंटरवर विचारलं "यात काय आहे" तर तुम्ही काय उत्तर देणार? पाठवणारा म्हणून तुमचं नाव, तुमचा मोबाइल, वर कॅमेऱ्यात तुमचा चेहरा. आत काही भलतं निघालं तर पोलीस पावतीवरच्या नावाकडे येतात, व्हॉट्सॲपवरच्या बाईंकडे नाही. आणि लेबल काढून दुसरं लावायला सांगणाऱ्याला पोस्टाची सेवा तपासायची नसते, डबा कुठून आला ते पुसायचं असतं.

आधार आणि चेक अजून पाठवला नसेल तर पाठवू नका. संचार साथीच्या साइटवर चक्षु म्हणून सोय आहे, असल्या मेसेजची तक्रार तिथे होते. पैसे गेले असते तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

मृणाल_रामबाग

काही पाठवलं नाही काका. नंबर ब्लॉक केला, आधी स्क्रीनशॉट काढून चक्षुवर टाकला, आणि भिशीच्या ग्रुपवर विचारलं तर नंबर कोणीच दिला नव्हता, उलट आणखी दोघींना तोच मेसेज आलाय. त्यातल्या एकीने आधार पाठवलंय, तिला आता काय सांगू?

निवृत्त_टपालकाका

त्यांना सांगा घाबरू नका, आधारच्या साइटवरून किंवा ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करा आणि आधार कुठे वापरलं गेलं त्याची हिस्ट्री तिथेच बघा. संचार साथीवरच आपल्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत तेही दिसतं, अनोळखी नंबर निघाला तर तिथूनच कळवता येतं. कॅन्सल चेकही गेला असेल तर बँकेत जाऊन खात्यावर लक्ष ठेवायला सांगा. आणि घरी डबा आलाच तर घेऊ नका, "नाकारलं" म्हणून परत करा. घेऊन झाला असेल तर न उघडता, लेबलला हात न लावता सरळ ठाण्यात न्या, मेसेज दाखवा, पोच घ्या.

सुखलियाचा_बंटी

काका, ठाण्यात एकट्या जाऊ नका म्हणावं, मी सोबत येतो. ताई मला मेसेज करा.

मृणाल_रामबाग

डबा अजून आला नाहीये, सोमवारी येणार सांगितलंय तिला. तिच्या बिल्डिंगच्या वॉचमनला आत्ताच सांगून येते.