मदत हवी आहे: खाडीच्या पाण्यात अमोनिया मोजताना आकडे जुळत नाहीत

ओहोटी
नदीच्या गोड्या पाण्यापासून खाडीच्या तोंडापर्यंत, लवणता (किलोमागे ग्रॅम क्षार) ० ते ३२, असे बारा नमुने आहेत. नेसलर रिएजंट (अमोनिया असला की पिवळा रंग देणारं द्रावण) टाकल्यावर गोडे नमुने नीट पिवळे होतात, खाऱ्यांत पांढरा साका धरतो. म्हणून इंडोफिनॉल पद्धत घेतली, म्हणजे फिनॉल आणि हायपोक्लोराइट टाकून अमोनियाचा निळा रंग काढायची. साका थांबला, पण एकाच स्टँडर्डचं (अमोनिया किती ते माहीत असलेल्या द्रावणाचं) रीडिंग डिस्टिल्ड पाण्यात एक आणि खाऱ्या पाण्यात दुसरंच. रीडिंगवरून अमोनिया काढायला कुठला आलेख धरायचा?

खाजणकाठ
नेसलर खाडीत चालत नाही. ३५ लवणतेच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं आणि नेसलर जहाल अल्कधर्मी, त्यामुळे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका होणारच. शिवाय त्यात पारा. प्रदूषण मोजायला निघून तोच बेसिनमध्ये ओतायचा, हे काही खरं नाही.

इंडोफिनॉलमध्ये सायट्रेट मॅग्नेशियम-कॅल्शियमला धरून ठेवतं. तुमची अडचण पीएचची आहे. रिएजंट तेवढेच टाकले तरी शेवटचा पीएच लवणतेनुसार सरकतो आणि रंग किती चढणार ते त्यावर ठरतं. तेव्हा एक आलेख पुरणार नाही; ०, १०, २० आणि ३० लवणतेचे चार काढा. त्यासाठी किनाऱ्यापासून दूरचं स्वच्छ समुद्राचं पाणी अमोनियामुक्त पाण्यात मिसळा. नुसतं मीठ विरघळवू नका: त्यात मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट नसतं, उलट थोडं अमोनियम असू शकतं.

अमोनियम क्लोराइड १०५ अंशांवर वाळवून ०.५३४९ ग्रॅम एक लिटरमध्ये घ्या, म्हणजे १० मिलिमोलचं द्रावण झालं. ते शंभरपट विरळ करून त्यातून ०, २, ५, १०, २० मायक्रोमोलची स्टँडर्ड करा. प्रत्येक लवणतेचा ब्लँक (अमोनिया न घातलेलं पाणी, रिएजंट तेच) वेगळा. चारही आलेखांचे उतार लवणतेसमोर मांडले की प्रत्येक नमुन्याला त्याच्या लवणतेचा उतार वाचून लावता येतो.

हायपोक्लोराइट शेवटी टाका, मध्ये प्रत्येक वेळी हलवा. बाटलीतलं हायपोक्लोराइट जुनं झालं की क्लोरीन उतरतो आणि रंग फिका पडतो. बहुतेक वेळा खोट तिथेच असते. घट्ट झाकण लावून सहा तास अंधारात ठेवा, मग ६३० नॅनोमीटरला वाचा. स्टँडर्ड आणि नमुने एकाच वेळी सुरू केलेले हवेत.

ओहोटी
वरच्या टोकाचे नमुने चहासारखे तपकिरी आहेत, आणि दोन बाटल्यांना कुजक्या अंड्यांचा वास येतो. त्यांचं काय? गाळून किती वेळ ठेवता येतील?

गाळपेर
तपकिरी नमुन्यासाठी गाळलेलं पाणी अधिक सायट्रेट, फिनॉल-हायपोक्लोराइटशिवाय, असा वेगळा ब्लँक वाचून वजा करा. वास येणाऱ्या बाटल्यांत सल्फाइड आहे, ते हायपोक्लोराइट खाऊन टाकतं. असं पाणी सहसा अमोनियानेही भरलेलं असतं, म्हणून दहा-वीसपट विरळ केलं की दोन्ही प्रश्न सुटतात. मात्र विरळ करताना लवणता बदलते. उतार नव्या लवणतेचा लावा. खात्री करायची तर त्याच नमुन्यात ५ मायक्रोमोल वाढवून पाहा, तेवढी वाढ परत मिळाली पाहिजे.

गाळण काचतंतूची, आधी डिस्टिल्ड पाण्याने धुतलेली. फरशी पुसायच्या फिनाइलचा किंवा अमोनियाचा वास असलेल्या खोलीत काम नको, नमुना हवेतूनही अमोनिया ओढतो. त्याच दिवशी तपासा. नाहीतर लगेच उणे २० ला गोठवा, बाटली काठोकाठ न भरता.

खाजणकाठ
आकडे आले की अंतरासमोर नव्हे, लवणतेसमोर मांडा. सरळ रेघ आली तर नुसती मिसळण. मध्येच फुगवटा आला तर तिथे सांडपाणी किंवा तळाचा गाळ अमोनिया सोडतोय. खोलगट आली तर जीवाणू-शैवाल तो वापरताहेत. फुगवटा पाहून लगेच नाल्यावर बोट ठेवू नका, नदीकडचा आकडाच दिवसभरात बदलला असेल तरी रेघ वाकते. नदीचं टोक भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा, असं दोनदा मोजलेलं बरं.

आणि तक्त्यात एकक पूर्ण लिहा. १ मायक्रोमोल प्रति लिटर म्हणजे नायट्रोजन म्हणून ०.०१४ मिलिग्रॅम, अमोनिया म्हणून ०.०१७. नुसतं ‘मिलिग्रॅम’ लिहिलं तर वाचणारा कुठला धरेल, सांगता येत नाही.