जुन्या गोव्यातलं हाड

जुन्या हाडांतल्या डीएनएचा विषय निघाला की काही जण म्हणतात, कोकणच्या दमट हवेत आणि आम्लधर्मी लाल मातीत हाडंच टिकत नाहीत, मग डीएनए कुठून मिळणार? बरंचसं खरं. आमच्याकडे घराचे वासे टिकत नाहीत, तिथे हाडाचं काय घेऊन बसलात! पण जुन्या गोव्यातलं सेंट ऑगस्टिनचं पडकं चर्च आठवा. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये शिराझला इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने हालहाल करून मारलं. तिचे अवशेष पाद्र्यांनी गोव्यात आणल्याची पोर्तुगीज कागदांत नोंद आहे. पुरातत्त्व खात्याला या चर्चच्या अवशेषांत हाड मिळालं आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने त्यातला मायटोकॉन्ड्रियल, म्हणजे आईकडून येणारा डीएनए वाचला. गट, म्हणजे आईकडच्या वंशाची शाखा, निघाला यू१बी: तपासलेल्या भारतीय नमुन्यांत नसलेला, जॉर्जियन नमुन्यांत असलेला. तिथल्याच आणखी दोन हाडांचे गट मात्र आपल्याकडचेच निघाले. मला ही तुलना जास्त बोलकी वाटते.

तरी एवढ्याने ‘ही राणीच’ असं ठरत नाही, एक गट हजारोंचा असतो. इंग्लंडचा राजा रिचर्ड तिसरा याच्या सांगाड्याच्या वेळी डीएनए ताडून पाहायला त्याच्या बहिणीच्या वंशातली जिवंत माणसं सापडली होती. इथे जागा, कागद आणि डीएनए जुळले, एवढंच. अवशेषांचा एक भाग २०२१ मध्ये जॉर्जियाला दिला.