क्वीन्समधली लिंक आणि पुण्यातली लिंक: अ‍ॅफिलिएटच्या आधाराने लावलेला विक्रीकर रद्द व्हावा का?

आडवाट

न्यूयॉर्क राज्याने 2008 मध्ये विक्रीकर कायद्यात एक कलम घातलं. राज्याबाहेरच्या दुकानदाराने न्यूयॉर्कच्या रहिवाशाशी 'तुमच्या लिंकवरून येऊन कोणी खरेदी केली तर कमिशन देऊ' असा करार केला (असा कमिशनवर लिंक लावणारा म्हणजे अ‍ॅफिलिएट) आणि अशा सगळ्या रहिवाशांच्या लिंकांवरून मिळून मागच्या चार तिमाहींत 10,000 डॉलरपेक्षा जास्त विक्री झाली, की त्या दुकानदाराचा माणूस राज्यात बसून गिऱ्हाईक आणतोय असं कायदा धरून चालतो. मग न्यूयॉर्कमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाकडून कर गोळा करायची जबाबदारी दुकानदारावर येते. हे कलम रद्द व्हायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

2008 मध्ये राज्यांची अडचण खरी होती. क्विल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1992 साली सांगितलं होतं की दुकान, गोदाम, नोकर असं काही राज्यात असेल तरच कर गोळा करायला लावता येईल. म्हणून अ‍ॅफिलिएटलाच 'राज्यातली हजेरी' ठरवण्यात आलं. पण 21 जून 2018 ला त्याच न्यायालयाच्या वेफेअर निकालाने क्विलच मोडीत काढलं. आता केवळ विक्रीच्या आकड्यावरून राज्य कर गोळा करायला लावू शकतं. न्यूयॉर्कची मर्यादा आहे 5 लाख डॉलर आणि त्यासोबत 100 पेक्षा जास्त व्यवहार, दोन्ही अटी एकत्र. याचा अर्थ, त्याखालचा विक्रेता लहान आहे, त्याला सोडा, असं राज्याने स्वतःच ठरवलंय. मग त्याच लहान विक्रेत्याला 10,000 डॉलरच्या लिंकांवरून का धरायचं?

उदाहरण घ्या. ओरेगनमधलं एक छोटं दुकान न्यूयॉर्कमध्ये वर्षाला 60,000 डॉलरचा माल विकतं. त्यातले 12,000 वीस अ‍ॅफिलिएट मिळून आणतात. कर मात्र 12,000 वर नाही, पूर्ण 60,000 वर गोळा करावा लागतो. न्यूयॉर्क शहराच्या 8.875 टक्के दराने ते 5,325 डॉलर होतात. 8 टक्के कमिशन धरलं तर वीसजणांना मिळून जातात 960, म्हणजे माणशी 48. दुकानदार काय करेल? वीसही करार तोडेल. झळ बसते ती ज्याच्यावर करच नव्हता त्याला.

आणि तीच लिंक पुण्यात बसलेल्या माणसाने लावली, तिच्यावरून तेच न्यूयॉर्कचे गिऱ्हाईक आले, तर हे कलम लागूच होत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्समध्ये राहणं एवढाच फरक.

रोखवही

मांडणी चांगली आहे, पण त्या 5,325 डॉलरमध्ये गल्लत आहे. ते दुकानदाराच्या खिशातून जात नाहीत, गिऱ्हाईक भरतं. खिशातून तेव्हाच जातात जेव्हा त्याने गोळा करायला हवे होते आणि केले नाहीत.

शिवाय हा नवा कर नाही. राज्याबाहेरून करमुक्त माल मागवला तर 'यूज टॅक्स' गिऱ्हाइकाने स्वतः भरायचा असतो. न्यूयॉर्कच्या आयटी-201 या विवरणपत्रात 59 व्या ओळीत त्यासाठी रकाना आहे. तो प्रामाणिकपणे भरणारे किती असतील, प्रत्येकाने आपल्या मनाशी विचारावं. क्वीन्समधल्या जॅक्सन हाइट्समध्ये भाडं भरून बसलेला दुकानदार तीच वस्तू 100 डॉलरला विकतो तेव्हा गिऱ्हाइकाकडून 108.88 घेतो. समोरचा ऑनलाइन विक्रेता 100 घेतो. मालात, सेवेत फरक नसताना हा पावणेनऊ टक्क्यांचा फायदा कशासाठी?

कमिशनवर गिऱ्हाईक आणणारा म्हणजे विक्रेत्याचा माणूस, हा विचारही 2008 मध्ये कोणी नव्याने काढलेला नाही. 1960 च्या स्क्रिप्टो खटल्यात जॉर्जियाच्या पेन कंपनीचे फ्लोरिडात दहा कमिशन एजंट होते. नोकर एकही नव्हता. तरी सर्वोच्च न्यायालयाने कर गोळा करायला लावणं योग्य ठरवलं.

मोडीलिपी

स्क्रिप्टोचे एजंट दारोदार जाऊन ऑर्डर घेत होते. लिंक लावणारा गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलत नाही, त्याची ऑर्डर घेत नाही, ते कोण होतं हेही त्याला कळत नाही. वर्तमानपत्रात जाहिरात छापणारा जितका विक्रेता, तितकाच हा. न्यूयॉर्क राज्याच्या सर्वात वरच्या न्यायालयाने मार्च 2013 मध्ये कायदा उचलून धरला तेव्हाही एका न्यायाधीशांनी नेमकं हेच वेगळं मत नोंदवलं होतं.

इलिनॉय राज्याचा असाच कायदा तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. विक्रीवर कमिशन देऊन छापील किंवा टीव्हीवरची जाहिरात केली तर कर नाही, इंटरनेटवर केली तर कर, हा भेदभाव 1998 च्या इंटरनेट टॅक्स फ्रीडम अ‍ॅक्टमध्ये बसत नाही, हे त्याचं कारण. पण तोवर दोन वर्षं गेली होती. 2011 मध्ये कायदा झाल्यावर अ‍ॅमेझॉनने इलिनॉयचे करार तोडले आणि अशाच लिंकांच्या कमिशनवर चालणारी फॅटवॉलेट ही कंपनी रॉकटनहून राज्याची सीमा ओलांडून विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइटला गेली. कर वाढावा म्हणून कायदा केला आणि आयकर भरणारी कंपनीच गमावली.

रोखवही

निकालाचा निम्मा भागच सांगितलात. इलिनॉयने छापील आणि प्रसारित जाहिरातीही कायद्यात घेतल्या आणि तो 1 जानेवारी 2015 पासून पुन्हा लागू केला. म्हणजे दोष दुरुस्त होणारा होता. करार तोडणं हा दुकानदारांनी राज्यांवर आणलेला दबाव होता. त्याचं खापर कायद्यावर कसं फोडता? अ‍ॅमेझॉनने 2011 मध्ये कॅलिफोर्नियातले करार तोडले, सप्टेंबरमध्ये राज्याशी तडजोड झाली, आणि वर्षभराने ती तिथे करही गोळा करू लागली.

आणि ज्याला वाटतं की आपला अ‍ॅफिलिएट नुसती जाहिरात करतो, त्याला तसं सिद्ध करायची वाट न्यूयॉर्कने ठेवलीच आहे.

टाचणी

त्या वाटेबद्दल नेमकं लिहितो, कारण बहुतेकजण तिथेच चुकतात.

दोन गोष्टी लागतात. करारात स्पष्ट कलम हवं की अ‍ॅफिलिएट राज्यात दुकानदारासाठी लिंकपलीकडे गिऱ्हाईक मिळवण्याचं काही करणार नाही: पत्रकं वाटणं, फोन करणं, ईमेल पाठवणं, काहीच नाही. आणि त्याने दरवर्षी सही करून लिहून द्यायचं की मी तसं केलं नाही. करार एखाद्या संस्थेशी असेल, मंडळ, शाळा, क्लब, तर सभासदांनीही असं करू नये ही सूचना संस्थेने आपल्या संकेतस्थळावर द्यायची.

अडचण कुठे येते पाहा. लहान दुकानं अ‍ॅफिलिएट नेटवर्कमार्फत, म्हणजे मधल्या कंपनीमार्फत, करार करतात, त्यामुळे माणूस कुठे राहतो हे नेटवर्कला ठाऊक असतं, दुकानाला नाही. डब्ल्यू-9 या करासाठीच्या फॉर्मवर पत्ता न्यू जर्सीचा आणि माणूस वर्षापूर्वी न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनला राहायला गेलेला, हे सर्रास होतं. त्यात एका अ‍ॅफिलिएटखाली दुसरे उप-अ‍ॅफिलिएट असतात, त्यांच्या सह्या कोण गोळा करणार?

दुसरी चूक तिमाहीची. न्यूयॉर्कच्या विक्रीकराच्या तिमाही फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अखेर संपतात. जानेवारी ते डिसेंबर बेरीज करणाऱ्याला 9,000 दिसतात आणि खऱ्या चार तिमाहींत नाताळची विक्री धरून ते 11,000 निघतात.

तिसरी सगळ्यात महागडी. विवरणपत्र भरलंच नसेल तर करखात्यावर मुदतीचं बंधन नसतं. आठ वर्षांपूर्वीचा करही मागता येतो, वर व्याज आणि दंड. तेव्हाच्या गिऱ्हाइकाकडे तो कर मागायला कोण जाणार? रोखवही, खिशातून जातात ते असे.

ज्यांना करार टिकवायचे आहेत त्यांच्यासाठी एक साधा मार्ग आहे. मोबदला विक्रीवर न देता महिन्याला ठरलेली रक्कम द्या. झालेल्या विक्रीशी मोबदल्याचा संबंध नसेल तर ती नुसती जाहिरात धरली जाते.

आडवाट

टाचणी यांच्या शेवटच्या मुद्द्यावर: ठरलेली रक्कम मोठ्या संकेतस्थळाला परवडते. महिन्याला तीन ऑर्डर आणणाऱ्याला आगाऊ पैसे कोण देईल?

आणि रोखवही, जॅक्सन हाइट्सच्या दुकानदाराची काळजी मलाही आहे. पण त्याचा मुख्य स्पर्धक आज सुटलेला नाही. अ‍ॅमेझॉन एप्रिल 2017 पासून विक्रीकर असलेल्या सगळ्या राज्यांत तो गोळा करते, आणि मोठ्या बाजारपेठांवर आता इतरांच्या मालाचाही कर गोळा करायचं बंधन आहे. या कलमाच्या तावडीत आज कोण सापडतं? स्वतःच्या संकेतस्थळावरून विकणारा, 5 लाखांच्या खालचा माणूस, आणि त्याच्यासाठी लिंक लावणारे.

रोखवही

हे मान्य. 2008 मधला आकडा आज तसाच ठेवण्याचं समर्थन मी करणार नाही. पण कलम पूर्ण काढलं तर राज्यात पन्नास कमिशन एजंट नेमून 4 लाखांची विक्री करणारा सुटायची वाट शोधेल. स्क्रिप्टोसारखे खरे एजंट राहू द्या, नुसत्या लिंका वगळा. आणि आज 'मी गिऱ्हाईक मिळवायला गेलो नाही' हे अ‍ॅफिलिएटने दरवर्षी लिहून द्यावं लागतं, त्याऐवजी 'तो गेला होता' हे करखात्याने दाखवावं.

मोडीलिपी

पुराव्याचा भार करखात्यावर जाणार असेल तर माझा विरोध तिथेच संपतो. फक्त 'नुसती लिंक' म्हणजे काय हे कलमातच लिहिलेलं हवं. वाचकांना दर आठवड्याला ईमेल पाठवून त्यात कमिशनची लिंक देणारा त्यात बसतो की नाही?

टाचणी

आजच्या नियमाने तो ईमेल राज्यातल्या वाचकांना गेला तर बहुधा नाही बसत. संकेतस्थळावर ठेवलेली लिंक आणि माणसाच्या पत्त्यावर पाठवलेली लिंक यांत करखातं फरक करतं. अ‍ॅफिलिएट सही करताना नेमकं हेच विसरतात.